गावातील घरासाठी इंटरनेट : निवड कशी करावी?

(चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"घरी नेट घ्यावयाचे आहे, कोणते घेऊ?" हा प्रश्न आता गावोगाव विचारला जातो. विचारणारा मनुष्य दूरसंचार कंपनीकडे क्वचितच जातो. तो शाळेतल्या गुरुजींना विचारतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारतो, नाहीतर आपले सरकार सेवा केंद्रात बसणाऱ्या मुलाला विचारतो. म्हणजे सल्ला देण्याचे काम आपल्यापैकी बहुतेकांकडे न मागता आलेले आहे. ते नीट करता यावे, एवढ्याच हेतूने मी आज काही गोष्टी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रश्न बहुधा आकड्याच्या रूपाने येतो. तीसचे घेऊ, की शंभरचे? जाहिरातीत आकडा मोठ्या अक्षरांत असतो, त्यामुळे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक आहे. परंतु मराठवाड्यातील माणसाला नळाचा अनुभव आहे. तोटी अर्ध्या इंचाची आहे की पाऊण इंचाची, यावरून कोणी नळयोजनेची परीक्षा करीत नाही. पाणी किती दिवसांआड येते आणि जलवाहिनी फुटली तर ती किती दिवसांत दुरुस्त होते, हे पाहतो. इंटरनेटच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच असावयास हवा : जोडणी तुटली, तर ती जोडावयास कोण येणार, कोठून येणार आणि किती दिवसांत येणार? ज्या सेवेपाशी या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे, ती कमी वेगाची असली तरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आता सांगतो.

वेगाचा हिशेब

प्रथम वेगाचा विषय हातावेगळा करू. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग आजच्या मानाने नगण्य होता. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला 256 किलोबिट ही किमान मर्यादा ठरली, 2013 मध्ये ती 512 किलोबिट झाली आणि जानेवारी 2023 मध्ये 2 मेगाबिट. म्हणजे 2 मेगाबिटची सेवाही नियमाने 'ब्रॉडबँड' ठरते. मात्र एका घरात दोन मुले चित्रफितीवरील पाठ पाहत असतील, तर तेवढ्यात भागत नाही. उलट चार-पाच माणसांच्या घराला खरे तीस मेगाबिट सातत्याने मिळाले, तर अभ्यास, बँक, अर्ज भरणे, दूरदेशी असलेल्या मुलाशी चित्रसंवाद, हे सर्व सुखाने चालते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. कंपनी वेग सांगते तो बिटमध्ये, आणि आपल्या फाइलचे आकारमान असते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून तीस मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला पावणेचार मेगाबाइटच उतरतात. ही फसवणूक नव्हे, मापाचा फरक आहे. पण तो ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ वाद होतात.

याहून महत्त्वाची गोष्ट चढत्या वेगाची. जाहिरातीतील आकडा बहुधा उतरत्या वेगाचा असतो. गावातील माणसाचे अडते ते मात्र पाठविताना. महाडीबीटीवर कागदपत्रे चढवावयाची असतात, ई-पीक पाहणीत शेतातील छायाचित्र पाठवावयाचे असते, शिक्षकांना शाळेची माहिती भरावयाची असते. पाच मेगाबाइटचे एक छायाचित्र म्हणजे चाळीस मेगाबिट. चढता वेग एक मेगाबिट असेल तर त्याला चाळीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात संकेतस्थळाने दार लावून घेतले तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा विचारावयाचे ते हे, की चढता वेग किती? फायबरवर तो साधारणपणे चांगला असतो. मोबाइल टॉवरपासून दूर असलेल्या घरात तो फार कमी होतो, कारण टॉवर मोठ्याने बोलू शकतो, आपल्या हातातला फोन तितक्या मोठ्याने बोलू शकत नाही.

दारापर्यंत काय येते?

तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड भारत संचार निगमने जानेवारी 2005 मध्ये सुरू केले. एक्स्चेंजपासून जसजसे दूर जावे तसतसा त्याचा वेग कमी होई, आणि चार-पाच किलोमीटरनंतर तो जवळजवळ संपे. नवी जोडणी घेणाऱ्याने आता त्याचा विचार करण्याचे कारण नाही. निवड आज मुख्यतः तीन मार्गांत आहे : काचेच्या तंतूवरून येणारे फायबर, छपरावर ग्राहक-यंत्र बसवून टॉवरवरून घेतलेली बिनतारी सेवा, आणि आपला नेहमीचा मोबाइल.

मोबाइलला कमी लेखू नये. एकट्या माणसाचे किंवा दोघा वृद्धांचे घर असेल आणि घरात रेंज चांगली असेल, तर वेगळी जोडणी घेण्याचा खर्च कशासाठी करावा? मात्र टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातील सर्व फोनांत वाटली जाते. दुपारी दोन वाजता विक्रेत्याने दाखविलेला वेग रात्री आठ ते दहा या वेळात राहील असे नाही. म्हणून परीक्षा रात्री करावी, आणि ती शेजाऱ्याच्या फोनवर नव्हे, तर आपल्या घरात, ज्या खोलीत मूल अभ्यासाला बसते त्या खोलीत करावी.

छपरावरच्या बिनतारी सेवेचे तत्त्वही तेच. फक्त तिचे ग्राहक-यंत्र स्थिर, उंचावर आणि टॉवरकडे तोंड करून असल्यामुळे ती अधिक भरवशाची ठरते. जिंतूर तालुक्याच्या उत्तरेकडील भाग डोंगराळ आहे. टेकडीआडच्या तांड्यावर अथवा वस्तीवर हा उपाय चालेल की नाही, हे नकाशा पाहून कळणार नाही. गच्चीवर उभे राहून टॉवर दिसतो का, हे पाहावे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या सेवादर्जाच्या विनियमांनी कंपन्यांना आपल्या मोबाइल सेवेचे व्याप्ती-नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे. ते जरूर पाहावेत; पण नकाशा गावापुरता बोलतो, घरापुरता नाही.

घराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या आणि माळवदाच्या घरांच्या भिंती दोन-दोन हात जाडीच्या, दगडमातीच्या असतात. उन्हाळ्यात त्या घराला थंड ठेवतात, आणि त्याच गुणाने वाय-फायलाही अडवितात. पत्र्याचे छप्पर तर रेडिओलहरी परतवूनच लावते. अशा घरात राउटर ओसरीत बसवून माजघरात नेट मिळत नाही म्हणून कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. त्याच्या दोन लहरींपैकी 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंती बऱ्यापैकी पार करते, 5 गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीपुढे दुबळी. एवढे माहीत असले तरी अर्ध्या तक्रारी घरातच मिटतात.

उपग्रहावरून येणाऱ्या सेवेविषयी सध्या फार कुतूहल आहे. जुन्या प्रकारचे उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतात. संदेश जाऊन उत्तर यावयास अर्धा सेकंद लागतो आणि संभाषण अडखळते. पृथ्वीपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत हा दोष राहत नाही. जेथे तंतू पोहोचविणे खरोखरच अशक्य आहे, तेथे तिचे स्थान आहे. रस्त्यावरच्या मोठ्या गावाने मात्र तिच्यासाठी थांबू नये.

विजेचा प्रश्न

पूर्वीच्या टेलिफोनला एक्स्चेंजमधूनच तारेतून वीज येत असे, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन वाजत असे. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेली की घरातील यंत्र बंद, आणि नेट बंद. राउटर व त्याचे फायबर-यंत्र मिळून दहा-बारा वॅट घेतात. एवढ्यासाठी मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. राउटरसाठीचा छोटा यूपीएस काही तास निभावून नेतो. जोडणीच्या खर्चात तो पहिल्या दिवसापासून धरावा.

शेतातील आखाड्यावर राहणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून मोठी आहे. गावठाणाची वीजवाहिनी वेगळी आणि शेतीची वेगळी. शेतीच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते, आणि ते तासही पाळीपाळीने बदलतात. अशा ठिकाणी छोटे सौरपटल व बॅटरी यांची सोय केल्याशिवाय राउटर बसविणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. तेथे मोबाइल हाच आज पहिला उपाय आहे, हे स्पष्टपणे सांगावे.

दुरुस्ती : मुख्य मुद्दा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तांब्याची तार तुटली तर लाइनमन खांबावर चढून दोन टोके पिळून जोडीत असे. काचेचा तंतू तसा जोडता येत नाही. केसाएवढी बारीक अशी त्याची दोन टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून सांधावी लागतात. त्यासाठी स्प्लायसिंगचे यंत्र आणि ते हाताळणारा शिकलेला माणूस, दोन्ही लागतात. म्हणून जोडणी विकावयास आलेल्या माणसाला मी एकच प्रश्न आवर्जून विचारावयास सांगतो : तुमचे स्प्लायसिंग यंत्र कोठे असते? ते गावात किंवा जिंतूरला असेल तर काम दिवसात होते. परभणीला असेल आणि साऱ्या जिल्ह्याला मिळून एकच असेल, तर आपला क्रमांक केव्हा लागेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. या प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर ते अडखळणे हेच उत्तर समजावे.

आपल्या भागात तंतू तुटण्याची कारणेही आपल्या मातीतली आहेत. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरवर पुरलेली केबल या हालचालीत ताणली जाते, खांब कलतात. खांबावरून नेलेली केबल कडब्याच्या किंवा उसाच्या उंच भरलेल्या गाडीला अडकते. वानरे तिच्यावरून झुलतात. आणि या सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे जेसीबी. रस्त्याचे रुंदीकरण, नळयोजनेची चारी, गटाराचे काम, जे काम निघेल त्यात पहिला बळी केबलचा जातो.

भारतनेटचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. देशातील सर्व ग्रामपंचायती तंतूने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2011 मध्ये मान्यता दिली. डिसेंबर 2017 मध्ये पहिल्या टप्प्यातील एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. काम प्रचंड होते. पण जोडणी माळेसारखी, एका गावातून पुढच्या गावाला अशी असल्याने मधला एक धागा तुटला की पुढची सारी गावे बंद पडत. ऑगस्ट 2023 मध्ये सुमारे 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, तो हाच दोष हेरून. त्यात माळेऐवजी कडे करावयाचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाट राहील. देखभालीचा दहा वर्षांचा खर्च कामाच्या करारातच धरला गेला, आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचे उद्दिष्ट स्थानिक उद्योजकांच्या मदतीने गाठावयाचे ठरले. केबल टाकणे आणि केबल चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यात प्रथमच पैशाच्या भाषेत मान्य झाले.

आपल्या राज्यातील वारणेचे उदाहरणही येथे सांगावेसे वाटते. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील वारणा सहकारी समूहाच्या परिसरात सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारून ऊस उत्पादकांना कारखान्याशी जोडण्यात आले. त्या काळी ही मोठी झेप होती. काही वर्षांनी संगणक जुने झाले, त्यांची देखभाल जड जाऊ लागली. तेव्हा संशोधकांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनी करून पाहिले, आणि ते कमी खर्चात झाले. उसाची तोड, वजन, खताची मागणी एवढीच माहिती शेतकऱ्याला हवी होती. तिला संगणक अनिवार्य नव्हता. घरासाठी जोडणी घेतानाही प्रथम कागदावर लिहावे, की आपल्याला नेमके काय करावयाचे आहे.

सातत्याला मी इतके महत्त्व का देतो, याचे एक उदाहरण देतो. 2018 च्या रब्बीपासून 2024 पर्यंतच्या हंगामांत पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास शेतकऱ्याने 72 तासांच्या आत ते कळवावयाचे असे. 2025 च्या खरिपापासून राज्यात योजनेचे स्वरूप बदलले. पण ते 72 तास कोणी विसरलेले नाही. 2024 च्या सप्टेंबरच्या आरंभी परभणी व हिंगोली जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. वीज जाण्याची, खांब पडण्याची, केबल तुटण्याची आणि नुकसान कळविण्याची वेळ ही एकच असते. त्या वेळी घरातील शंभर मेगाबिट उपयोगी पडत नाहीत. चालू असलेले दोन मेगाबिट उपयोगी पडतात.

म्हणून ज्याला परवडेल त्याने घरात फायबर घ्यावे आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे कार्ड ठेवावे. मात्र दोन्हींचा मार्ग एकच नाही ना, हे विचारून घ्यावे. गावातल्या टॉवरकडे येणारी केबल आणि आपल्या घराची केबल एकाच चारीतून येत असतील, तर एका घावात दोन्ही बंद पडतात, आणि दोन जोडण्यांचे पैसे देऊनही जोडणी एकच राहते.

खर्च व तक्रार

खर्चाचा हिशेब महिन्याचा न करता वर्षाचा करावा. अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावे लागते. नियामक प्राधिकरणाने जानेवारी 2022 मध्ये प्रत्येक कंपनीने तीस दिवसांचीही एक तरी योजना ठेवावी असा आदेश काढला, तो या तक्रारींमुळेच. फायबरच्या दरावर 18 टक्के वस्तू व सेवा कर असतो. पाचशेचे बिल पाचशे नव्वदचे होते. बसविण्याचा आकार, यंत्राची अनामत आणि ती परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. ठरावीक मापानंतर वेग कितीवर येतो, तेही विचारावे.

तक्रार तोंडी करू नये. तक्रार केंद्राकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, अशी तरतूद 2012 च्या विनियमांत आहे. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ते स्पष्ट केले.

ग्रामपंचायतीचे काम

आपण म्हणाल, हे सारे घराच्या मालकाने पाहावयाचे. यात ग्रामपंचायतीचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. चारी खणावयाची परवानगी आपल्याकडून जाते. आपल्या गोकुळेश्वराची बारव बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरावयाच्या पायऱ्या आधी आखल्या असतील, तेव्हाच ती वापरता आली. आपण मात्र रस्ता आधी करतो, मग केबलसाठी तो फोडतो, आणि नळासाठी खणताना केबल तोडतो. खोदकामापूर्वी जमिनीखालील केबल व वाहिन्यांच्या मालकांना सूचना देण्यासाठी केंद्र शासनाने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप सुरू केले. ठेकेदाराला कार्यादेश देताना या सूचनेचा पुरावा मागावा, एवढी एक अट ठरावाने घातली तरी गावातील निम्मे खंड टळतील असे मला वाटते. तसेच केबल कोठून गेली आहे, याचा साधा हातनकाशा कार्यालयात लावून ठेवावा. तो काढणारा लाइनमन निवृत्त झाला की ती माहिती त्याच्याबरोबर जाते.

आणखी एक छोटी सूचना. ग्रामपंचायत कार्यालयात आणि शाळेत एक रजिस्टर ठेवावे. नेट बंद पडल्याची तारीख व वेळ, कंपनीचे नाव, तक्रारीचा क्रमांक, पुन्हा सुरू झाल्याची तारीख व वेळ, आणि कारण कळल्यास कारण, एवढे रकाने पुरेत. शाळेतील सातवी-आठवीची मुले ते आनंदाने भरतील. एक पावसाळा आणि एक उन्हाळा एवढी नोंद झाली, म्हणजे "कोणते नेट घेऊ?" असे विचारत आलेल्या माणसापुढे ते रजिस्टर उघडून ठेवता येईल, आणि विक्रेता दारात उभा असेल तर त्यालाही ते दाखविता येईल.